माणसांचा मुद्देमाल

२३ मे १८६१ची रात्र. अमेरिकेत गुलाम बाळगणारी दक्षिणेकडची राज्यं संघराज्यातून फुटून निघाली होती आणि यादवी नुकतीच पेटली होती. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर हॅम्प्टन रोड्स नावाची रुंद खाडी आहे. तीन माणसं एका लहान होडीत बसून ती ओलांडत होती. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. तिघेही गुलाम. त्यांचा मालक कर्नल चार्ल्स मॅलरी बंडखोर दक्षिणेच्या बाजूचा. त्याने या तिघांना स्यूएल्स पॉइंटवर तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं, आणि पुढे त्यांना असल्याच कामासाठी कॅरोलायनात न्यायचा त्याचा बेत होता. तिघांपैकी दोघांची बायकापोरं हॅम्प्टनच्या परिसरातच होती. खाडीपलीकडे फोर्ट मन्रो, खंदकाने वेढलेला दगडी किल्ला. व्हर्जिनिया फुटली तरी त्या किल्ल्यावरचं अमेरिकन संघराज्याचं निशाण उतरलं नव्हतं. हे तिघे जाऊन तिथल्या पहारेकऱ्यांसमोर उभे राहिले.

सकाळी प्रकरण किल्ल्याच्या नव्या सेनापतीपुढे आलं. मेजर जनरल बेंजामिन बटलर दोनच दिवसांपूर्वी तिथे रुजू झाला होता. वय ४२, टक्कल पडू लागलेलं, अंग सुटलेलं, एक डोळा तिरळा. युद्धशाळेचं तोंड न पाहिलेला हा जनरल धंद्याने वकील होता. त्याने तिघांना वेगवेगळं बोलावून चौकशी केली.

या चौकशीचं महत्त्व कळायला त्या वेळचा कायदा माहीत हवा. तो सोपा होता, आणि भयंकर होता.

अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नव्हता. घटनाकारांना लाज वाटली असावी. पण कलम मात्र होतं: एका राज्यात ‘सेवेला किंवा श्रमाला बांधील’ असलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात पळून गेली, तर तिला परत द्यायचं. १८५०च्या फरारी गुलाम कायद्याने यावर कळस केला. फरारी माणूस पकडून द्यायला उत्तरेतल्या सामान्य नागरिकालाही मदत करावी लागे. आरोपीला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची मुभा नाही. प्रकरण ऐकणाऱ्या कमिशनरने ‘हा गुलामच’ असा निकाल दिला तर त्याला १० डॉलर फी, ‘हा मोकळा’ म्हटलं तर ५ डॉलर. गुलाम ठरवण्यात कागदपत्रं जास्त करावी लागतात, असं त्याचं अधिकृत कारण. ज्याला पटवून घ्यायचं त्याने घ्यावं.

बरं, यादवी सुरू झाली म्हणून हा कायदा गेला का? नाही. लिंकनने मार्च १८६१मध्ये शपथ घेतानाच सांगितलं होतं, की जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावायचा माझा इरादा नाही. यामागे हिशेब होता. केंटकी, मिसूरी, मेरिलँड, डेलावेअर ही गुलाम बाळगणारी राज्यं अजून संघराज्यात होती, आणि ती बिथरली तर राजधानी वॉशिंग्टनच शत्रूच्या वेढ्यात आली असती. त्यामुळे युद्ध होतं देश जोडून ठेवण्यासाठी. १८६०च्या शिरगणतीतले जवळपास ४० लाख गुलाम जिथल्या तिथे राहणार होते. फोर्ट मन्रोवर आलेल्या तिघांना दोरी बांधून परत धाडणं हेच कायदेशीर होतं.

बटलरही तसंच करील असं कोणालाही वाटलं असतं, कारण त्याचा आजवरचा इतिहासच तसा होता.

जन्म १८१८चा, न्यू हॅम्पशरमधला. वडील तो लहान असतानाच वेस्ट इंडीजमध्ये पीतज्वराने गेले. आई शार्लट मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गिरणगावात आली आणि गिरणीत काम करणाऱ्या मुलींसाठी खाणावळवजा वसतिगृह चालवू लागली. गिरणगाव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं बरंच तिथे होतं. भोंगा होता, पाळ्या होत्या, आणि बारा-तेरा तासांचा दिवस होता. बेन १८४०मध्ये वकील झाला आणि गिरणीवाल्यांच्या विरोधातली कामं घेऊ लागला. कामाचे तास दहावर आणा, या चळवळीत तो पुढे होता. त्याची एक गोष्ट लोवेलमध्ये वर्षानुवर्षं सांगितली गेली. एका गिरणी कामगार मुलीची मजुरी थकली होती. बटलरने वसुलीसाठी गिरणीचं खुर्चीटेबल जप्तीला लावलं नाही. त्याने लावलं गिरणी फिरवणारं पाणचक्कीचं चाकच! चाक थांबलं तर गिरणी बंद. पैसे ताबडतोब आले म्हणे. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण माणूस कळतो.

या गिरण्यांतला कापूस यायचा दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला. (युद्धात तो अडला तेव्हा मँचेस्टरवाल्यांनी मुंबईकडे धाव घेतली. प्रेमचंद रायचंदच्या काळातली शेअरबाजाराची ती धुंदी आणि १८६५चं दिवाळं, दोन्हीचं मूळ या यादवीत आहे.) म्हणजे मजुरांचा कैवारी असला तरी बटलर जिथे वाढला त्या गावाचं पोट गुलामगिरीवरच होतं. राजकारणाने तो डेमोक्रॅट, दक्षिणेशी जुळवून घ्या म्हणणाऱ्यांतला. १८६०च्या चार्ल्सटनच्या अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार ठरेना, फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, आणि बटलरने तब्बल ५७ वेळा एकाच माणसाला मत दिलं: जेफरसन डेव्हिस. हाच डेव्हिस वर्षभरात बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला! युद्ध पेटल्यावर बटलर मॅसॅच्युसेट्सची फौज घेऊन मेरिलँडमध्ये उतरला, तेव्हा तिथल्या गव्हर्नरला त्याने आपण होऊन कळवलं, की तुमच्याकडे गुलामांचा उठाव होईल अशी भीती असेल तर माझे सैनिक तो मोडायला तयार आहेत. ही एप्रिल १८६१ची गोष्ट. होडीतल्या तिघांच्या जेमतेम महिनाभर आधीची.

२४ मेला पांढरं निशाण घेऊन मेजर जॉन केरी किल्ल्याजवळ आला. कर्नल मॅलरीचा माल परत न्यायला. केरी आणि बटलर चार्ल्सटनच्या अधिवेशनात भेटलेले, त्यामुळे दोघं सभ्यपणे घोड्यांवरूनच बोलले. पुढचा संवाद बटलरने आपल्या आत्मचरित्रात दिला आहे. स्वतःची टिमकी वाजवण्यात तो कधी मागे नव्हता, तेव्हा त्यातलं सगळंच खरं धरू नये. मथितार्थ असा:

केरी म्हणाला, फरारी गुलाम परत देणं ही तुमच्यावर घटनेची जबाबदारी आहे. बटलर म्हणाला, हा कायदा परक्या देशाला लागू नाही, आणि व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते आहे. मी तिचा शब्द खरा धरतो. (व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केलं होतं आदल्याच दिवशी, २३ मेला!) केरीही कच्चा नव्हता. तो म्हणाला, पण तुमचं म्हणणं तर असं, की आम्हाला फुटताच येत नाही. मग तुमच्या लेखी आम्ही अजून संघराज्यातच, आणि माणसं तुम्हाला परत द्यावीच लागतील. बटलरचं उत्तर: पण तुमचं म्हणणं असं ना, की तुम्ही फुटलात? मग तुम्हाला ती मागता येत नाहीत. तुम्ही त्यांना तोफखाना बांधायला वापरताय, म्हणून मी त्यांना ‘काँट्राबँड ऑफ वॉर’ म्हणून ठेवून घेतोय. वर एक सवलतही देऊ केली: कर्नल मॅलरींनी स्वतः किल्ल्यात येऊन संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि आपली माणसं घेऊन जावं. मॅलरी काही आला नाही.

‘काँट्राबँड’ हा शब्द आपल्याला कस्टमवाल्यांमुळे ठाऊक आहे. युद्धाच्या कायद्यात त्याचा अर्थ शत्रूच्या लढाईला उपयोगी पडणारा माल: बंदुका, दारूगोळा, घोडे. तो वाटेत सापडला तर खुशाल जप्त करावा. बटलरने आपल्या पोलिसी भाषेत सांगायचं तर तीन माणसांचा पंचनामा करून त्यांना मुद्देमालात जमा केलं.

यातली गोम अशी, की गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांचा युक्तिवाद असायचा ‘ही माणसं आहेत, माल नव्हेत’. मालक त्यावर म्हणत, कायद्याने माल आहेत. बटलरने वाद घातलाच नाही. माल? मान्य. फावड्याने मोर्चा खणला तर फावडं जप्त करता येतं, तसा हा मालही जप्त. काट्याने काटा काढला. समोरच्याला विरोध करायचा तर ‘तो माल नाही’ असं म्हणावं लागणार, आणि हे वाक्य गुलामांच्या मालकाला उच्चारता येत नाही.

कायद्याचा कीस काढायला बसलं तर या युक्तिवादाला भोकं पुष्कळ. काँट्राबँडचा नियम मुळात तटस्थ देशांच्या जहाजांतून शत्रूकडे जाणाऱ्या मालासाठी. शिवाय व्हर्जिनिया खरंच परका देश मानला, तर लिंकनची सगळी भूमिकाच कोसळते. दोन्ही बाजू एकेक पाय दोन होड्यांत ठेवून उभ्या होत्या, आणि बटलरने फक्त स्वतःची होडी आधी पुढे काढली. म्हातारपणी त्यानेच कबूल केलं, की वकील म्हणून मला या युक्तिवादाचा कधी फारसा अभिमान वाटला नाही, पण कारभार हाकणारा अधिकारी म्हणून त्याने मोठा दिलासा दिला.

बातमी किल्ल्याबाहेर कशी पसरली हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण ती पसरली. दोन दिवसांनी आठ जण आले, मग थव्याने येऊ लागले. बायका, कडेवर पोरं, म्हातारे. आणि इथेच मुद्देमालाची युक्ती अडखळली. तोफखाना बांधणारा गडी शत्रूच्या कामाचा, हे ठीक. पण तान्हं मूल? ते कोणत्या लढाईला उपयोगी?

२७ मेला बटलरने वरिष्ठांना पत्र लिहिलं. त्यात एकीकडे शुद्ध दुकानदारी आहे: माझ्याकडे आता ६०,००० डॉलरचा हा माल जमला आहे. आणि लगेच प्रश्न: आईबापांची सेवा घ्यायची आणि मुलं नाकारायची, हे मला करता येईल का? माणुसकीच्या बाजूने मला शंका नाही, राजकीय बाजू ठरवण्याचा अधिकार माझा नाही. ३० जुलैचं पत्र तर त्याहून पुढचं. त्यात मोजदाद आहे: एकूण ९००. धडधाकट पुरुष ३००, काम न झेपणारे म्हातारे ३०, बायका १७५, दहाच्या आतली मुलं २२५, दहा ते अठरामधली १७०. यादीनंतर प्रश्नांची सरबत्ती. ही माणसं गुलाम आहेत का? मोकळी आहेत का? मालक टाकून पळाला, तर बुडत्या जहाजावरचा माल जसा वाचवणाऱ्याचा होतो तशी ही आमची मालमत्ता झाली का? पण आम्हाला तर असली मालमत्ता नको आहे. मग मालकीच उरली नाही, तर ती पुन्हा माणसंच झाली नाहीत का?

मला या सगळ्या प्रकरणात हे पत्र सर्वांत मोलाचं वाटतं. दोन महिन्यांपूर्वी गुलामांचा उठाव मोडून देतो म्हणणारा हा गृहस्थ. त्याचं मन पाझरलं असेलही, पण पत्रात दिसतं ते वेगळंच. वकील एकेक पायरी उतरत गेला, आणि शेवटच्या पायरीवर त्याला माणूस भेटला.

वॉशिंग्टनने बटलरला हरकत घेतली नाही, उलट मान्यता दिली. ६ ऑगस्ट १८६१ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जप्तीचा पहिला कायदा केला: बंडाच्या कामाला लावलेल्या गुलामावर मालकाचा हक्क राहणार नाही. मार्च १८६२मध्ये सैन्याधिकाऱ्यांना फरारी गुलाम परत करायला बंदी. जुलै १८६२चा दुसरा कायदा: बंडखोरांचे जे गुलाम संघराज्याच्या फौजेकडे पोचतील ते कायमचे मुक्त. १ जानेवारी १८६३ला लिंकनची मुक्तीची घोषणा, डिसेंबर १८६५मध्ये घटनेची तेरावी दुरुस्ती आणि गुलामगिरीचा शेवट. आपल्याकडे जोतिराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना.

त्या सज्जनांत बटलरला बसवायचं का, यावर मी अडखळतो. शब्द त्याचा, पण होडी वल्हवणारे ते तिघे. ते आले नसते तर त्याची वकिली कोणासाठी? बरं, किल्ल्यात आल्यावर सुख होतं असंही नाही. पुरुषांकडून राबवून घेतलं जाई आणि मजुरी थके किंवा मिळतच नसे. जवळचं हॅम्प्टन गाव दक्षिणेच्या फौजेने ऑगस्टमध्ये स्वतःच जाळलं, काँट्राबँडांना आसरा नको म्हणून. त्याच राखेवर, उभ्या राहिलेल्या धुराड्यांच्या आधाराने या माणसांनी झोपड्यांची वस्ती उभारली. मेरी पीक नावाची मोकळी कृष्णवर्णीय बाई तिथे मुलांना आणि मोठ्यांना वाचायला शिकवू लागली. व्हर्जिनियात त्यांना असं शिकवणं युद्धापूर्वी गुन्हा होता. किल्ला ज्या टोकावर आहे त्याचं नाव पॉइंट कम्फर्ट. १६१९मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी बंदी विकायला उतरवले गेले ते इथेच.

बटलर ऑगस्टमध्ये तिथून हलला, आणि जिथे गेला तिथे भांडण घेऊन गेला. मे १८६२मध्ये त्याच्याकडे नुकतंच जिंकलेलं न्यू ऑर्लीन्स आलं. तिथल्या घरंदाज बायका सैनिकांवर थुंकत, सज्जातून घाण ओतत. बायकांना अटक करावी तर बोभाटा. बटलरने आदेश क्रमांक २८ काढला: जी बाई शब्दाने वा हावभावाने सैनिकाचा अपमान करील, तिला बाजारबसवी धंद्यावर असल्यासारखं वागवलं जाईल. अपमान थांबले, पण जगभर गहजब झाला. इंग्लंडचा पंतप्रधान पामर्स्टन पार्लमेंटात कडाडला. बटलर म्हणे, माझा अर्थ एवढाच, की अशा बाईकडे दुर्लक्ष करावं. असेल. पण परक्या फौजेच्या हातातल्या शहरात असा आदेश वाचून बायकांना काय वाटलं असेल ते वकिलाच्या खुलाशाने पुसलं जात नाही. शहरात त्याचं चित्र तळाशी छापलेली मूत्रपात्रं निघाली. ‘पशू बटलर’ हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. बंडखोरांच्या घरातले चांदीचे चमचे पळवले, या आरोपावरून ‘चमच्या बटलर’ हेही. त्याने संघराज्याचं निशाण खाली खेचणाऱ्या विल्यम ममफर्डला फाशी दिलं, आणि डेव्हिसने जाहीर केलं, की बटलर सापडला तर चौकशीशिवाय लटकवा. ज्याला ५७ मतं दिली त्याच्याकडून ही परतफेड!

त्याच बटलरने शहराची गटारं उपसली, रस्ते धुवून घेतले, जहाजांना कडक विलगीकरण लावलं. १८५३च्या साथीत तिथे पीतज्वराने हजारो माणसं मेली होती. १८६२च्या उन्हाळ्यात साथ आलीच नाही. तेव्हा डासांचं कोणाला ठाऊक नव्हतं, पण साचलेलं पाणी काढलं की गुण येतो. कृष्णवर्णीयांच्या पलटणीचंही तसंच उलटसुलट. त्याच्या हाताखालच्या जनरल फेल्प्सने त्यांना बंदुका द्यायच्या म्हटल्यावर बटलर म्हणाला, झाडं तोडायला लाव. फेल्प्सने रागाने राजीनामा दिला, आणि काही आठवड्यांत माणसं कमी पडू लागल्यावर बटलरने स्वतःच पलटणी उभ्या केल्या.

रणांगणावर मात्र आनंदच होता. १८६४मध्ये तो जेम्स नदीच्या बेचक्यात असा अडकला, की बूच मारलेल्या बाटलीत बसल्यासारखा. दक्षिणेच्या फोर्ट फिशर या किल्ल्यावर दारूगोळ्याने भरलेलं जहाज उडवून किल्ला पाडायचा बेत फुसका निघाला आणि त्याला घरी पाठवलं गेलं. एक गोष्ट वेगळी काढायला हवी. सप्टेंबर १८६४मध्ये न्यू मार्केट हाइट्सवर त्याच्या कृष्णवर्णीय पलटणींनी खंदक जिंकले आणि १४ जणांना देशातलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. बटलरने त्यांच्यासाठी स्वतः वेगळी चांदीची पदकं पाडून घेतली.

युद्धानंतर तो रिपब्लिकन, म्हणजे लिंकनच्या पक्षाचा, आणि त्या पक्षातल्या जहालांत जहाल. १८६८मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालला तेव्हा सरकारी बाजूचं पहिलं भाषण त्याचं. लांबलचक आणि रुक्ष. जॉन्सन एका मताने वाचला. कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेविरुद्धचा १८७१चा कायदा आणि आगगाडी-नाटकगृह-खानावळीत समान वागणूक देणारा १८७५चा कायदा, दोन्हींमागे त्याची खटपट होती. दुसरा सुप्रीम कोर्टाने १८८३मध्ये मोडीत काढला. १८८३मध्येच तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता. तिथे त्याने जॉर्ज रफिन यांना राज्याचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश नेमलं. गव्हर्नरला मानद पदवी द्यायची हार्वर्डची प्रथा त्याच्यासाठी मोडण्यात आली, याचं त्याला वाईट वाटण्याऐवजी राजकीय भांडवलच झालं. पुढच्या वर्षी छोट्या पक्षांतर्फे तो अध्यक्षपदाला उभा राहिला आणि दणकून पडला.

ज्या ममफर्डला त्याने फाशी दिलं, त्याची विधवा काही वर्षांनी हलाखीत असल्याचं कळल्यावर बटलरने तिला वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरी लावून दिली. डेव्हिसचंही ऐका. युद्ध हरल्यावर त्याला पकडून कैदेत ठेवलं ते फोर्ट मन्रोमध्ये. तारीख २२ मे १८६५. होडी काठाला लागून चार वर्षं व्हायला एक दिवस कमी होता.

बटलर ११ जानेवारी १८९३ला वॉशिंग्टनमध्ये गेला, वयाच्या ७४व्या वर्षी, छातीच्या दुखण्याने. दोन दिवस आधी तो सुप्रीम कोर्टात उभा राहून एका अशिलाची बाजू मांडत होता.